म्हाताऱ्यांचा वाटा

मिठबावच्या किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढून आणलं की गंगू पाटी घेऊन वाळूत उभी असायची. नवरा दर्यात गेला, त्यानंतर मासळी विकून तिने दोन मुली वाढवल्या, उजवल्या. आवाज खणखणीत, पण उगाच बोलणारी बाई नव्हे.

साठ सालानंतर मासेमारीच्या यांत्रिक लाँची आल्या. ज्यांच्याकडे तारण ठेवायला जमीन होती त्यांना त्यासाठी कर्ज मिळालं. तरणे पोरगे लाँचीवर गेले, नाहीतर मुंबईला. रापणीचं ते मोठं जाळं ओढायला उरली वयस्क माणसं. मासळीही घटली. तेव्हा रापणीचा म्होरक्या, तांडेल सहदेव म्हणाला, यापुढे दोर ओढील त्यालाच मासळीचा वाटा.

धोंडूचा जन्म रापणीत गेला होता. आता त्याला धड उभं राहवत नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी तो दोराला लागला आणि वाळूत कोसळला. गंगूने त्याला घरी नेऊन निजवलं आणि तशीच परत आली.

"सहदेवा, धोंडूचो वाटो खंय आसा?"

"मी तरी काय करू, गंगूबाय? ओढणाऱ्यांकाच पुरणा नाय."

"मगे आजची मासळी तूच ईक."

तिने पाटी पालथी घातली आणि तिच्यावर बसली. मासळी विकणाऱ्या बाकीच्या बायका आधी घुटमळल्या, मग एकेक करून त्याही बसल्या. ऊन चढलं. बांगडे मऊ पडायला लागले. सहदेव वाईट माणूस नव्हता. शेवटी त्याने प्रत्येक वाट्यातले थोडे बांगडे काढून बाजूला ढीग घातला.

"ह्यो म्हाताऱ्यांचो. पण सगळ्यांचो वाटो कमी होतलो."

"होवंदे. माजो इक्रीचो वाटोय कमी कर."

त्या दिवसापासून तो ढीग वेगळा पडू लागला. धोंडू जाईपर्यंत त्याची चूल त्यावर चालली.

लाँचवाल्या दाजीपुढे मात्र तिचं काही चाललं नाही. त्याची मासळी ट्रकने घाटावर जायची; बायकांच्या पाट्यांवाचून त्याचं अडत नव्हतं. "लाँच माजी, कर्ज माजा," तो म्हणे. सणावारी मूठभर देई, एवढंच. तरी ती वर्षानुवर्षं त्याच्याकडे म्हाताऱ्यांचा वाटा मागायला जात राहिली.

पुढे तिचे गुडघे गेले. मथुरा नावाची तरुण विक्रेती म्हाताऱ्यांच्या ढिगातला तिचा वाटा घरी आणून देऊ लागली. गंगू तो घेऊन भर रस्त्यावरच्या पायरीवर बसे आणि तिथेच मासे साफ करी.

"आत बस मगे, गंगूआये. लोक बघतत."

"बघूंदेत," गंगू म्हणाली. "मी घेतलंय तर बाकीचे लाजूचे नाय."