पाणवठा

परवा मुलीला घेऊन तालुक्याजवळच्या नव्या वॉटर पार्कला गेले होते. फाटकावर मोठ्या लाकडी अक्षरांत नाव आहे, ‘पाणवठा’. शेजारी सिमेंटच्या दोन बायका डोक्यावर घागरी घेऊन हसत उभ्या आहेत. मला नाव फार आवडलं. कोणीतरी जुना शब्द जपला, असं वाटलं.

पोरं घसरगुंडीवरून धपाधप पाण्यात पडत होती. मी बाकावर बसले होते. फरशी पुसणाऱ्या मावशींना सहज विचारलं, “इथं खरंच पाणवठा होता का हो?”

“होता की. नदीच होती ना इथं. वर गावाचा पाणवठा, त्याच्या खाली गुरं धुवायचे, आणि त्याच्याही खाली आमचा. माझी आई तिथलंच पाणी भरायची.”

आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. जुने शब्द जपताना आपण ते किती सोयीनं गाळून घेतो!

“आता तरी उतरता का कधी पाण्यात?” मी विचारलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

त्या नुसत्या हसल्या. समोरच गार पाण्याचं मशीन होतं, त्यावर ‘फक्त पाहुण्यांसाठी’ अशी पाटी. कामगारांचं पिंप खाली, उताराला, संडासांच्या मागं. रिकामी बाटली घेऊन त्या तिकडे निघाल्या.

“नाव मात्र बरोबर ठेवलंय हो, ताई,” जाता जाता म्हणाल्या.