त्या रविवारी चेंडू का उठला नाही?

शिवाप्पा गेल्याचा फोन मंद्रूपहून त्याच्या मुलानं केला, तेव्हा मला आधी रडू आलं नाही, राग आला. एका प्रश्नाचं उत्तर न देताच गेला की हा! चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी त्याला तो विचारत होतो, आणि तो दर वेळी "दम लागला व्हता रे" म्हणून शेंगाचटणीची वाटी माझ्याकडे सरकवायचा.

सत्तरच्या दशकात सोलापुरातल्या आमच्या संघाचा मी यष्टिरक्षक होतो आणि शिवाप्पा वेगवान गोलंदाज. वडिलांचं मंद्रूपला भुसार दुकान, घरात बोलणं कन्नड. रन-अपची पावलंही तो कन्नडमध्येच मोजायचा. मध्ये कुणी हाक मारली की पुन्हा 'ओंदु'पासून सुरू. भाकरी-पिठल्यावर एवढा वेग येतो कुठून, हे मला कोडंच होतं. मी पंधरा पावलं मागे उभा राहायचो, तरी हातमोज्यांतून तळवे लाल व्हायचे. तेव्हा आम्ही काथ्याच्या मॅटवर खेळायचो. ती ताणून खिळे ठोकले की चेंडू थेट छातीवर येई, ढिली राहिली की टप्पा पडून बसे. मॅट अंथरायचं काम शिवाप्पा दुसऱ्या कुणाला करू देत नसे.

एका सामन्यात त्याचा चेंडू वसंताच्या गालावर बसला. वसंत समोरच्या संघाचा सलामीवीर, पण शाळेपासून आम्हा दोघांचा दोस्त. हेल्मेट तेव्हा पाहिलंय कुणी! गालाचं हाड मोडलं, डोळा थोडक्यात वाचला. शिवाप्पा दिवसभर दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून राहिला. आत जायची त्याची हिंमत होईना.

दोन महिन्यांनी एका रविवारी त्याच संघाशी पुन्हा गाठ पडली. वसंत हट्टानं खेळायला उतरला होता, आणि पुण्याहून निवड समितीचे एक गृहस्थ खास शिवाप्पाला पाहायला आले होते. राज्याच्या संघात आमचा शिवाप्पा... आम्ही हवेतच होतो. आणि नेमका त्या दिवशी चेंडू उठेचना. तो पळत येत होता तसाच, घाम गाळत होता तसाच, पण टप्पा पडला की चेंडू थबकायचा. मी पुढे सरकत सरकत सात पावलांवर आलो. वसंतानं पन्नास काढले. पाहुणे चहाआधीच उठून गेले, आणि पुन्हा कुणी शिवाप्पाला पाहायला आलं नाही. मोठा माणूस समोर दिसला की हा घाबरतो, असं मी आणि वसंत पुढे वर्षानुवर्षं सांगत फिरलो. त्याच्या तोंडावरसुद्धा. तोही आमच्याबरोबर हसायचा.

परवा मंद्रूपला भेटायला गेलो. त्याची बायको, गौरम्मावहिनी, समोर बसल्या होत्या. न राहवून विचारलं, "वहिनी, त्या दिवशी त्याला झालं काय होतं? तुमच्याशी तरी कधी बोलला का?"

"बोलले की. कुनाला सांगू नको म्हनले व्हते..." त्यांनी पदर सारखा केला. "सकाळी लवकर जाऊन त्यांनीच मॅट ढिली ठोकली. कडंला ताण, मधी सैल."

"वसंतासाठी? मग नुसतं हळू टाकायचं की!"

"म्या बी तेच इचारलं, भाऊजी. तर म्हनले, पळाय लागलो की हात माजं ऐकत न्हाई. हाताचा भरोसा न्हाई, म्हनून मॅट ढिली केली."

मला तिथं बसवेना. इतकी वर्षं उत्तर हवं होतं, आणि मिळालं तेव्हा स्वतःची लाज वाटली.

हा लेख द्यायच्या आधी वसंताला फोन केला. ते पन्नास त्यानं नातवंडांना किती वेळा ऐकवले आहेत, मला ठाऊक आहे. सगळं सांगून विचारलं, "छापू का? नको म्हणालास तर फाडून टाकतो."

वसंत म्हणाला, "छाप. माझे पन्नास गाळ हवे तर. पण त्याला घाबरट म्हणणारे आपण दोघं होतो, तेवढं गाळू नकोस."

ते गाळलं नाही. पन्नासही गाळले नाहीत. शिवाप्पानं ते त्याला दिले होते. परत घेणारा मी कोण?