भुशाच्या विटा आणि बाजेवरचे आबा

शेळगावच्या माझ्या वीटभट्टीवर मी एकदा मोठा शोध लावला. बाकीचे लोक विटेच्या मातीत मूठमूठ उसाचा भुसा मिसळतात. मी पाट्याच्या पाट्या ओतल्या. भट्टीत भुसा आतल्या आत जळून गेला आणि वीट निघाली भाकरीसारखी हलकी! दोन्ही हातांवर विटांचे मनोरे तोलून मी गावाला नाचून दाखवलं. त्याच विटांचे चार खांब घरामागं उभे केले, वर हजार लिटरची टाकी चढवली.

त्या दुपारी मोटार चालू होती, टाकी भरत होती. माझे सासरे, आबा, खांबांमधल्या सावलीत बाजेवर पडले होते. इतक्यात सणसरचा गवंडी चहाला आला. उरलेल्या दोन विटा त्यानं एकमेकींवर आपटल्या. टण् वाजायला हवं, वाजलं भद्. मग एक वीट बादलीत सोडली. बुडबुडे थांबेनात.

"मालक," तो हळूच म्हणाला, "आत नुसती भोकं हाईत. पाणी पिऊन मऊ पडतीया. खांब बघा."

टाकीच्या गळक्या नळाखालचा खांब गुडघाभर ओला होता. त्यात एक बारीक चीर. मी पळत जाऊन मोटार बंद केली.

"आबा, उठा!"

"का?"

"चहा झालाय."

"हितंच द्या."

कट्! लाल भुगा आबांच्या धोतरावर पडला.

"आबा, साप!"

"कुठं? दावा की."

"आबा, बाहेर या हो!"

"जावईबापू, पडू द्या वाईच. तुमच्या बांधकामाखाली मला झोप लागती."

गवंडी माझ्याकडे बघत होता. चीर माझ्या डोळ्यांदेखत वर सरकली.

"आबा, विटा पोकळ हाईत!" मी ओरडलो. "मीच लई भुसा घातला! टाकी पडतीया!"

आबा उठले ते बाजेसकट! आम्ही दोघांनी त्यांना ओढलं, आणि मागं तो खांब चहातल्या पावासारखा खाली बसला. टाकी आडवी झाली. आम्ही तिघं नखशिखांत भिजलो.

"विटांचं आधी सांगायचं," आबा धोतर पिळत म्हणाले. "साप मागनं."

अजूनही ते आले की बसण्याआधी भिंत वाजवून बघतात. मग माझ्याकडे बघत एक वीट आणि बादलीभर पाणी मागतात.