मयत म्हणा, सर

"थांबवा," असं म्हणून मॅडम उजवा तळहात समोर धरायच्या, रस्त्यावरची वाहनं अडवतात तसा. मी रिमोटचं बटण दाबायचो आणि टोकियोचे सगळे पोलीस उघड्या तोंडानं आमच्या केडगावच्या हॉलमध्ये गप्प उभे राहायचे. मॅडम विचारायच्या, "पंच कुठंयत? पंच न बोलवता हात कसा लावला तिनं?" मी शाळेत मराठी शिकवणारा माणूस, जपानी पंचांची खबर मला कुठून असणार? मी खांदे उडवायचो. मग "बरं, चालू द्या," अशी परवानगी मिळायची.

मॅडम आमच्या समोरच्या घरात एकट्या राहायच्या. पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या. कॉलनीत त्यांना नावानं कुणी ओळखत नसे, सगळ्यांच्या त्या मॅडम. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या दारावरून जाताना आपण उगाचच सरळ चालतो. मी तर डोक्यावर हेल्मेट नसलं की स्कूटर मागच्या रस्त्यानं काढायचो.

ही मालिका आमच्या घरात आली ती चुकून. मुलगी नोकरीला पुण्याला गेली आणि टीव्हीवर तिचं कसलंसं ॲप तसंच राहिलं. एका संध्याकाळी बायको ढोकळ्याची कृती शोधत होती, तिचं बोट कुठंतरी भलतीकडे पडलं आणि पडद्यावर एक बुटकी जपानी इन्स्पेक्टर कुणाच्या तरी फ्रिजमध्ये डोकं घालून उभी राहिली. ढोकळा राहिला बाजूला, आम्ही दोघं तो भाग शेवटपर्यंत बघत बसलो.

या बाईची तऱ्हाच निराळी. खून झालेल्या घरी गेली की प्रेताकडे न बघता आधी स्वयंपाकघरात शिरायची. फ्रिज उघडून शिळं काय, ताजं काय, दूध कुणी अर्धं ठेवलं, सगळं वाकून बघायची, वास घ्यायची. साहेब ओरडले की कमरेत वाकून माफी मागायची आणि माफी मागून झाली की पुन्हा फ्रिजकडे वळायची.

मॅडम आमची किसणी परत द्यायला आल्या होत्या. दारातच दहा मिनिटं उभ्या राहिल्या, मग हळूच खुर्ची ओढून बसल्या. "हिला कळतंय," त्या म्हणाल्या. "घरातलं खरं काय ते सैपाकघरातच घावतं." त्या दिवसापासून रोज पाचच्या ठोक्याला त्या हजर व्हायच्या. सहा वाजता भाग संपला की किसणी आपल्याच घरची असल्यासारखी पुन्हा घेऊन जायच्या.

खाली इंग्रजीत ओळी यायच्या. त्या मी मोठ्यानं मराठीत सांगायचो, कारण मॅडमना इंग्रजी इतक्या भराभर वाचता येत नव्हतं. आता मराठी म्हटलं की मी सहसा कुणाचं ऐकून घेत नाही. पण पहिल्याच दिवशी मी "मृत व्यक्ती" म्हणालो आणि तळहात वर झाला. "मयत म्हणा, सर." निवेदन नाही, जबाब. माणूस नाही, इसम. तपासणी नाही, झडती. महिनाभरात माझी भाषा इतकी बिघडली, की मी वर्गात "सदर इसमाने गृहपाठ केलेला नाही" असं बोलून गेलो. पोरं दोन दिवस हसत होती.

एक शब्द मात्र मॅडमना माझ्या मदतीशिवाय कळायचा. जपानीत होकार द्यायचा तर 'हाय' म्हणतात. त्या मालिकेत साहेब काही म्हणाले की सगळे शिपाई एका सुरात हाय म्हणायचे. मॅडम मूळच्या सोनईच्या, शेतकऱ्याच्या घरच्या. त्यांनी दोन भाग शांतपणे ऐकले आणि बायकोला म्हणाल्या, "वहिनी, ही मंडळी आपल्याच बाजूची दिसत्यात." हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

एकदा बायकोनं विचारलं, तुम्हाला अशी एखादी केस मिळाली होती का? मॅडमनी मान हलवली. बत्तीस वर्षांत तपास असा कधी मिळाला नाही. यात्रेचा बंदोबस्त, आरोपी बायकांना कोर्टात नेणं-आणणं आणि अंगझडत्या. बाईची झडती बाईनंच घ्यायची असते, म्हणून त्यांना जीपमध्ये घालून नेत. झडती झाली की त्यांचं काम संपलं, पुढचं साहेब लोक बघत. हे सगळं त्यांनी तक्रारीचा सूर न लावता सांगितलं. पण फ्रिजवाल्या बाईचा तर्क खरा ठरला की मॅडम खुर्चीत ताठ बसायच्या, आणि तेव्हा त्या मला फार आवडायच्या.

मालिकेच्या शेवटाकडे एक भाग आला. त्या इन्स्पेक्टर बाईला कळतं, की नोकरीच्या सुरुवातीला आपण डोळे झाकून सही केलेल्या एका कागदामुळे निरपराध माणसाला शिक्षा झाली. ती साहेबांसमोर जाते, वाकते आणि बोलते. मी वाचून दाखवलं, "सही माझी आहे. त्यात जे लिहिलंय ते मी पाहिलेलं नाही." तळहात वर झाला. मी चित्र थांबवलं आणि पंचांच्या चौकशीची वाट बघत बसलो. मॅडम उठल्या, चपला घातल्या आणि गेल्या.

चार दिवस त्या आल्या नाहीत. पाचव्या दिवशी आल्या त्या हातात घडी घातलेला कागद घेऊन. टीव्ही बंदच ठेवा म्हणाल्या. कागद कोर्टाचं समन्स होता. पुढच्या बुधवारी त्यांची साक्ष होती.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. पोलीस ठाण्याचं नाव मी लिहीत नाही. एका बड्या घरातली सोन्याची साखळी हरवली आणि संशय स्वयंपाकीण बाईवर आला. मॅडमना झडतीला नेलं. त्यांनी झडती घेतली, काही निघालं नाही, त्या बाहेर येऊन बसल्या. तासाभरानं कागद पुढं आला. सदर महिलेच्या अंगझडतीत कमरेला खोचलेल्या रुमालात साखळी मिळून आली, असं त्यात लिहिलेलं. "साहेब म्हनले, मॅडम, सही. मी केली." स्वयंपाकीण जामिनावर सुटली, पण तिला पुन्हा कुणी स्वयंपाकघरात घेतलं नाही. खटला अकरा वर्षं तारखांवर तारखा खात राहिला.

माझी खोड जात नाही. मी म्हणालो, "मॅडम, या वाक्यात शोधणाराच नाही. मिळून आली म्हणजे कुणाला मिळाली?"

"त्याच्यासाठीच तर तसं लिवत्यात, सर," त्या म्हणाल्या.

बायकोनं हळूच सुचवलं, की इतकी वर्षं झाली, आठवत नाही म्हणून सांगा, सगळेच सांगतात. मॅडम कागदाच्या घडीवरून बोट फिरवत राहिल्या. "आठवत न्हाई म्हनाया सोपं हाय, वहिनी. पन मला आठवतंय." मग म्हणाल्या, "भ्या वाटतंय मला. चौकशी लावतील. सगळी नोकरी धुऊन जाईल." मॅडमना भीती वाटते हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्यांनी मला सरावापुरतं वकील व्हायला सांगितलं. रोज पाच वाजता टीव्हीऐवजी ते सुरू झालं. मी विचारायचो, झडतीत काय झालं? त्या उत्तर द्यायच्या, "झडतीत काही मिळून आलं नाही." मी म्हणायचो, पुन्हा तेच, यात तुम्ही कुठं आहात? त्या पुन्हा सुरुवात करायच्या आणि जीभ पुन्हा त्याच जागी घसरायची. बत्तीस वर्षांची सवय, बुधवारच्या आत कशी सुटणार? मंगळवारी मी चिडलो आणि आवाज चढवला, त्याची मला अजून लाज वाटते.

बुधवारी अर्धी रजा टाकून मी कोर्टात मागच्या बाकावर बसलो. सरकारी वकिलांना अपेक्षा होती कागदातल्या उत्तराची. ते आलं नाही तेव्हा त्यांनी कागद मॅडमपुढं धरला. ही सही तुमचीच का? माझीच. मग तेव्हा खोटं लिहून दिलं, की आता खोटं बोलताय?

"तवा खोटी सही केली," मॅडम म्हणाल्या. "झडती मी घेतली. मला कायबी सापडलं न्हाई."

मराठी शिकवण्यात माझा जन्म गेला. त्याहून सरळ वाक्य मी ऐकलेलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती, निवृत्त महिला पोलीस फितूर. सरकारी साक्षीदारानं जबाब फिरवला की फितूरच म्हणतात, मला माहीत आहे. तरी त्या शब्दावर मी दिवसभर धुमसत होतो.

पुढं व्हायचं ते झालं. चौकशीची नोटीस आली. कॉलनीतल्या काही जणांनी मॅडमशी बोलणं टाकलं. काही महिन्यांनी स्वयंपाकीण निर्दोष सुटली आणि त्याच सुमारास मॅडम घर सोडून सोनईला भावाकडे गेल्या. फोन केला की चौकशीचं अजून चालूच आहे एवढं सांगतात आणि विषय बदलतात. समोर आता एक नवं जोडपं राहतं. मालिकेचा दुसरा हंगाम आलाय म्हणे. एक भाग आम्ही लावला, पण मला वाचावंसंच वाटेना.

त्या बुधवारी साक्ष झाल्यावर आम्ही बाहेर आलो, तेव्हा ती स्वयंपाकीण व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. केस पिकलेले, शेजारी बाकावर कापडी पिशवी. मॅडम तिच्यासमोर जाऊन थांबल्या. बाईनं वर पाहिलं.

"झडती घेऊन माझा रिकामा रुमाल तुमीच घडी करून परत दिला हुता," ती म्हणाली. "तवाच मला वाटलं, ही बाई सांगंल कधीतरी."

मॅडम म्हणाल्या, "उशीर झाला."

"व्हय," ती म्हणाली. "लई झाला." आणि पिशवी उचलून बाकावर थोडी सरकून बसली.