समुद्रकाठचं गुऱ्हाळ

सांगू का नको, असं चार दिवस मनात चाललंय. पण चहा आलाच आहे, तर ऐका. हसा खुशाल, माझी मान तशीही खालीच आहे.

मी चौथी शिकलेला. सगळा जन्म सांगलीकडच्या गुऱ्हाळांवर गेला. मी गुळव्या, म्हणजे उकळत्या रसाकडं बघून काहील, ती भली मोठी कढई, कधी उतरवायची ते सांगणारा. म्हातारपणी गोष्टी लिहायचा नाद लागला. वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, "आजोबा, शनिवारी एक वाचून दाखवा."

आता गोष्ट कुठली? तर चाळीस वर्षं छातीवर बसलेली. एका दुपारी माझा डोळा लागला आणि अख्खी काहील करपली. मालक धावत आला, तसं मी बोट दाखवलं, "ह्यानं जाळ जास्त घातला!" हा म्हणजे भूपाल, काहिलीखालच्या चुलवाणात उसाची वाळकी चिपाडं सारून जाळ घालणारा माझा जिवाचा दोस्त. त्यानं हातातली चिपाडं खाली टाकली. पुढं त्याला कुणी जाळावर उभं केलं नाही.

खरं सांगायला जीभ रेटेना. मग मी काय केलं? सगळं गुऱ्हाळ उचललं आणि समुद्राच्या काठी नेऊन ठेवलं! शिंपलवाडी नावाचं गाव वसवलं. भूपालचा पांडू केला, त्याला झुपकेदार मिशा लावल्या. गुळव्याला टक्कल दिलं. म्हटलं, आता ब्रह्मदेव आला तरी ओळखायचा नाही. आणि समुद्र? तो मी कॅलेंडरावरच बघितलेला!

शनिवारी बघतो तर पहिल्या रांगेत भूपाल. वाचून संपलं, बाईंनी डोळे पुसले आणि हा उठला.

"शंकरा, समुद्राच्या काठाला ऊस येतोय व्हय रं?"

"येतोय की! लय येतोय."

"खाऱ्या पाण्यावर?"

"तिथं... गोड्या पाण्याची हीर हाय."

"आन् तिथली मानसं आपल्यावानीच बोलत्यात?"

"हिकडनंच गेल्यात ती."

"किती जन?"

"समदं गाव!"

लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरायला लागले. माझा सदरा घामानं भिजला.

"बरं, ह्यो टकल्या गुळव्या डाव्या हातानं पाक बघतोय न्हवं?"

झालं! गाव बदललं, डोकं बदललं, हात बदलायचा राहिला! पाण्यात पाक टाकून डाव्या बोटांनी गोळी वळणारा गुळव्या आमच्या पट्ट्यात एकच. सगळ्यांचे डोळे माझ्या वहीवर गेले. वही डाव्याच हातात होती.

"जाळ बरूबर हुता, भूपाल," मी कसंबसं म्हणालो. "मी झोपलो हुतो. तुला कळू ने म्हनून..."

"आरं गड्या, जाळ मीच घालत हुतो. मला कळायचं काय ऱ्हायलं हुतं?"

खरंच की! ज्या एका माणसाला सगळं ठाऊक होतं, त्याच्यापासूनच मी चाळीस वर्षं लपवत बसलो होतो!

"ह्यांस्नी कळायला पायजे हुतं," तो लोकांकडं बघून म्हणाला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आता पांडू खोड आन् माझं नाव घाल. मिशा तेवढ्या ऱ्हाऊ देत."

घरी आल्या आल्या पांडू खोडला, भूपाल लिहिलं. मिशा ठेवल्या. मग गुळव्याच्या जागी माझं नाव घालायला बसलो.

बोट दाखवताना हाच डावा हात कसा चटकन उठला होता! आज चार दिवस झाले. त्यानं अजून नुसतं टक्कलच खोडलंय.