बिनडिंकाचा चुना

कुलूपवाल्यांना गल्लीत सगळे शंकासुर म्हणायचे, आणि त्यात काही खोटं नव्हतं. दूध आलं की ते आधी वास घेत, भाजी आली की पिशवी उलटी करत. लेकीनं त्यांना न विचारता लग्न केलं तेव्हा ‘या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही’ असं बजावून त्यांनी तिच्यावरही कुलूपच घातलं. पुढे तिला मूल झालं. मुलगा की मुलगी, हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही. एवढा हट्ट बरा नव्हे, पण त्यांना सांगणार कोण?

लेक गेली, तिच्या कोंबड्या मात्र मागे राहिल्या. जुनं खुराडं कुजलं म्हणून कुलूपवाल्यांनी परसात नवं बांधलं. गुडघे वाकत नव्हते, म्हणून उभं राहता येईल एवढं उंच.

प्रश्न होता आतल्या रंगाचा. रंगवाल्यानं डबा पुढे सरकवला. “घ्या, यात शिसं नाही.”

“कशावरून?”

“डब्यावर लिहिलंय ना.”

“डब्यावर काय, मीही लिहीन.”

कोंबडी भिंतीला चोच मारणार, पोपडा निघाला की गिळणार, मग कोण जबाबदार? ऑइल पेंट तर कोंदट जागेत महिनाभर वास मारतो. जमिनीसाठी दुकानदारानं प्लास्टिकची गुळगुळीत शीट दाखवली. कुलूपवाल्यांनी तिच्यावर बोट फिरवलं आणि मान हलवली. अशा जमिनीवर पिल्लांचे पाय फाकतात, आणि शीटखाली ओल धरली तर पत्ता लागत नाही. भुसा कुठल्या लाकडाचा, हे भुसेवाल्याला सांगता येईना. शेवटी भिंतींना चुना आणि खाली वाळू. चुना त्यांनी स्वतः भिजवला.

“त्यात थोडा डिंक घाला,” बायको म्हणाली. “नाहीतर अंगाला लागतो.”

“कोणाच्या? आत मी एकटाच जातो.”

“कोंबड्यांच्या म्हणतेय मी,” असं म्हणून ती लसूण सोलायला लागली. कुलूपवाल्यांना हे उत्तर काही पटलं नाही. शिवाय डिंकात कशाची भेसळ असेल, देव जाणे. डिंक घातला नाही.

थोड्याच दिवसांत अंडी कमी भरू लागली. कुलूप त्यांचं स्वतःचं, किल्ली कमरेला, आणि कुलपावर एक ओरखडा नाही. त्याहून विचित्र म्हणजे वाळू. सकाळी ते उकरलेली वाळू सोडून दुकानात जात आणि संध्याकाळी ती सपाट केलेली असे. कोंबड्या वाळू उकरतात, सारखी करत नाहीत.

संशय गेला शेजारच्या वेल्डरवर. खुराड्याची जाळी त्यानं बसवलेली, म्हणजे काढायची कशी हे त्यालाच ठाऊक. एका सकाळी त्याच्या खांद्यावर पांढरा डाग दिसला आणि कुलूपवाल्यांनी त्याला रस्त्यातच गाठलं.

“हे काय?”

“चुना. तुमचाच. मघाशी खांद्यावर हात ठेवून पाणी किती वाजता जातं विचारलंत ना, तेव्हाचा.” वेल्डर हसला. “काका, स्वतःची पाठ बघा आधी.”

कुलूपवाले ओशाळले. आपली पाठ कुठे घासली ते बघायला ते तसेच खुराड्यात शिरले. जागा दाराशीच सापडली. पण कधी नव्हे ते कण्हत-कुंथत खाली वाकले, तेव्हा मागच्या भिंतीवर आणखी काही दिसलं. बसलेल्या माणसाच्या पाठीच्या उंचीवर चुना दोन ठिकाणी पुसला होता, अगदी शेजारी शेजारी. आणि त्या दोहोंच्या मध्ये, बराच खाली, तिसरा डाग. वितीएवढा.

मग कुलपाचं कोडंही सुटलं. ओरखडा न उमटवता ते कुलूप उघडणारा हात त्यांनीच तयार केला होता. शाळा सुटली की लेक दुकानात त्यांच्या शेजारी बसून कानशीनं किल्ल्या घासायची.

ते तडक स्वयंपाकघरात गेले. “ती घरात येते?”

“घरात कशी येईल? तुम्ही नाही म्हणालात ना.” बायकोनं कणीक मळणं थांबवलं नाही. “खुराड्यात येते. दुपारी आम्ही तिथंच बसतो.”

“आणि अंडी?”

“नातीला आवडतात.”

नात. आपलं माणूस आपल्याच परसात येऊन, जाताना वाळू सारखी करून जातं, आणि आपण चोर शोधतोय. बोलावं असं फार वाटलं, पण इतक्या दिवसांचा हट्ट आड आला.

“डिंक चांगला कुठे मिळेल?” एवढंच त्यांना विचारता आलं.

“भेसळ असते म्हणे त्यात.”

“दुसरा हात मारतो. तुमच्या कपड्यांना लागतो.”

डिंक त्यांनी आधी स्वतःच्या जिभेवर ठेवून पाहिला, मग बादलीत घातला आणि भिंती पुन्हा रंगवल्या. पुढे अंडी कमीच भरत राहिली, त्यांनी ती मोजणं सोडलं. दुपारी चुकूनही ते घराकडे फिरकत नसत.

एके दिवशी बायको म्हणाली, “मागच्या भिंतीला खाली डिंक घालायचा विसरलात वाटतं. पोरीचा फ्रॉक रोज पांढरा होतो.”

“पोरांचे कपडे मळायचेच,” कुलूपवाले म्हणाले.

रोज संध्याकाळी खुराड्यात शिरले की ते गुडघे धरून खाली वाकत आणि तो छोटा डाग किती वर सरकलाय ते बघत.