हौसराव आप्पांची चौघांची पार्टी

वडगाव रासाईत दूध संस्थेची निवडणूक लागली, की पॅनेल हौसराव आप्पांनीच बांधायचं, हे ठरलेलं. स्वतः ते कधी उभे राहिले नाहीत. पण कुठल्या आळीतला, कुठल्या भावकीतला माणूस घेतला की कोण खूश होईल आणि कोण रुसून बसेल, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई. गेल्या खेपेला मात्र त्यांचं पॅनेल सपाटून पडलं आणि ओट्यावर येऊन बसणारी माणसं हळूहळू येईनाशी झाली.

त्या रिकामपणातल्या एका रविवारी दुपारी आतल्या खोलीतून सुनेचं हसणं ऐकू आलं. सून करिश्मा रांजणगावला एका कंपनीत क्वालिटीचं काम बघायची. मुलगा सत्यजीत ड्युटीवर गेलेला. मग ही हसते कशाला, म्हणून आप्पा दारातून डोकावले. कॉम्प्युटरवर चार हत्यारबंद माणसं एका भुयारात उभी होती. एकाचे कान टोकदार, एक गुडघ्याएवढा बुटका.

करिश्मा गडबडून उठायला लागली. "गेम हाय आप्पा. पण पोरासोरांचा न्हाई, मोठ्या माणसांचाच हाय."

"बस, बस. ही चौघं कोण?"

"पार्टी."

हा शब्द ऐकला आणि आप्पांनी खुर्ची पुढं ओढली.

तिनं समजावून सांगितलं. यात प्रत्येकाचा एक क्लास असतो, म्हणजे तो काय करू शकतो ते. योद्धा पुढं राहून मार झेलतो, जादूगार लांबून आग टाकतो, हीलर जखमा भरतो, चोर कुलपं उघडतो आणि सापळे हुडकतो.

"आन् ही माणसं निवडायची कुणी?"

"आपणच."

पुढच्या रविवारी आप्पा चहा घेऊनच येऊन बसले. त्यांनी चौघं निवडली ती सवयीनं. एक टोकदार कानांचा, एक बुटका, एक माणूस आणि एक शिंगवाला. "चार जमातींतले चार. कुणी नाराज व्हायला नको."

"पण आप्पा, चौघंबी योद्धेच झालेत."

"तालेवार माणसं हायत. असू दे."

पहिल्याच गुहेत विषारी कोळी निघाले. चौघांनी तलवारी फिरवल्या खऱ्या, पण विष भिनत गेलं तसे एकामागून एक आडवे झाले. आप्पा पडद्याकडं बघत राहिले. त्यांना राग आला नाही, नवल वाटलं. एवढी दांडगी माणसं पडतात कशी? गोठ्यात धारा काढतानाही तेच डोक्यात.

मग त्यांनी अदलाबदल करून बघायला सुरुवात केली. जादूगार वाढवले, तर शत्रू अंगावर आला की पळापळ. योद्धा एकच ठेवून बाकी तिघं हीलर घेतले, तर लढाई संपता संपेना. "मरतबी न्हाईत आन् मारतबी न्हाईत," आप्पा म्हणाले. "आपली संस्था अशीच चालली एवढी वर्षं." करिश्माला हसू आवरलं नाही, आणि मग तेही हसले.

एकदा त्यांनी विचारलं, "तुझ्या पार्टीत तू सोता कोण?"

"चोर."

"चोर का गं?"

"चोर सगळ्यांच्या पुढं जातो आप्पा. एकटाच. आधी त्यो बघून येतो, मग बाकीचे निघतात." ती माऊस फिरवत राहिली. "मला आवडतं तसं."

लग्न होऊन ती या घरात आली, त्याला दोन वर्षं झाली होती. तिला काय आवडतं, हे आप्पांना आज पहिल्यांदा कळलं, तेही विचारलं म्हणून.

निवडणूक पुन्हा लागली, तेव्हा ज्ञानू आला. पॅनेलमधला त्यांचा जुना साथीदार. बसताबसताच त्यानं नावं मोजायला घेतली. "महिलेच्या जागेला तुमच्या सूनबाईचं नाव टाकू. नुसती सही तर करायची."

एरवी आप्पांनी मान डोलावली असती. आज त्यांनी आत हाक मारली. "करिश्मा, ह्यो काय म्हणतोय बघ. तूच सांग त्याला."

तिनं ऐकून घेतलं. "तिथं काम काय असतं, काका?"

"मीटिंगा असत्यात. ठराव असत्यात."

"दूध नासतं, फॅट कमी लागते, ते कोण बघतं?"

"ते आमच्या मंडळीला ठावं. घरचं दूध तीच घालती."

"मग गिताकाकूंनाच उभं करा की. मला न्हाई जमायचं, माझी शिफ्ट असती."

ज्ञानूनं आप्पांकडं पाहिलं. सुनेला गप्प करतील अशी त्याची अपेक्षा असावी. आप्पा म्हणाले, "व्हय, पण गिताबाईला आधी विचार. परस्पर नाव टाकू नगंस."

ज्ञानू कुरकुरत गेला, पण त्यानं बायकोला विचारलं. गिताबाईंनी दोन दिवस विचार करून होकार कळवला, आणि वर सांगितलं, की माझ्या नावाची पत्रकं मी स्वतः वाटणार.

पॅनेल याही खेपेला पडलं. निवडून आल्या त्या एकट्या गिताबाई. निकालाच्या संध्याकाळी त्या पेढे घेऊन आल्या, तेव्हा आप्पा आतल्या खोलीत होते. नव्या चौघांत त्यांनी पहिल्यांदाच स्वतःला घेतलं होतं, हीलर म्हणून, आणि करिश्माचा चोर पुढं जाऊन काय बघून येतो, याची ते वाट बघत होते. त्यांनी गिताबाईंसाठी खुर्ची सरकवली.

"बसा. ह्यातलं कोण काय करतंय ते सांगतो तुम्हाला."